विसाव्याचं गाणं आणि आपली भीती

एका गावाहून आम्ही परत येत होतो. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण कुठलंही गाव घ्या, गोष्ट तीच आहे. वस्तीवर हल्ला झाला होता. आम्ही अकरा जण जबान्या लिहून घ्यायला गेलो होतो. दिवसभर बायाबापड्यांचं ऐकलं, वह्या भरल्या, रात्री टेम्पोत बसून निघालो. कुणी बोलत नव्हतं. तासाभरानं मागच्या कोपऱ्यातलं एक पोरगं वामनदादांचं गाणं गुणगुणायला लागलं. दुसऱ्यानं टेम्पोच्या पत्र्यावर हळूच ठेका धरला. तेवढ्यात आमच्यातला सगळ्यात कामाचा, सगळ्यात वाचलेला पोरगा उसळला. म्हणाला, "तिथं माणसं फुटलीत अन् तुम्हाला गाणी सुचतात? लाजा धरा."

गाणं थांबलं. पुढचे तीन तास टेम्पोत फक्त इंजिनाचा आवाज होता.

त्या रात्री मला वाटलं, तो बरोबर बोलला. आज तसं वाटत नाही, म्हणून हा लेख. सहा महिन्यांनी तो पोरगा चळवळीतून गेला. कुणाला विकला गेला नाही, कुठल्या पुढाऱ्याच्या दारात बसला नाही. नुसता थकला. बैठकीला यायचा बंद झाला, मग फोन घ्यायचा बंद झाला. घरी गेलो तर त्याची आई म्हणाली, "रातचा झोपत न्हाई बाबा तो. भिंतीकडं तोंड करून पडून राहतो." आणि गाणं म्हणणारा पोरगा? तो अजून आहे. जबान्या लिहून घ्यायला अजून तोच पुढं असतो.

एका उदाहरणावरून सिद्धान्त काढू नये हे मला कळतं. पण प्रश्न तर काढता येतो. अस्वस्थतेच्या काळात माणसानं गाण्यात विसावा शोधावा की नाही? आणि शोधला तर तो पळपुटेपणा होतो का?

मित्रांनो, ही भीती आपल्यात उगाच आली नाही. प्रस्थापित मराठी समीक्षेनं आपल्याला शेकडो वर्षांचं एक सौंदर्यशास्त्र दाखवलं. रस म्हणजे आनंद, आणि तो आनंद ब्रह्मानंदाचा सख्खा भाऊ. अभिनवगुप्तापासून ही गादी चालत आलेली. रसिकानं 'मी'पण विसरावं, तन्मय व्हावं, दुःखाचंसुद्धा चर्वण करावं. आता ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच दुःखाचं चर्वण परवडतं. ज्याच्या बापाला दुसऱ्याच्या दारातलं शिळं चावावं लागलं त्याला नाही. म्हणून दलित लेखकांनी ह्या आनंदाला नकार दिला. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) मध्ये तो नकार नीट मांडला. आनंद हे आपल्या साहित्याचं मूल्य होऊ शकत नाही, वेदनेचं साहित्य वाचून कुणाला सुखद वाटत असेल तर वाचणाऱ्याचंच काहीतरी बिघडलं आहे. ह्या नकाराच्या बाजूनं मी काल होतो, आजही आहे.

पण नकार देताना आपल्या हातून एक गफलत झाली. आनंदासोबत आपण विसावाही फेकून दिला. आनंद आणि विसावा एक नाहीत. रसिकाचा आनंद खुर्चीत बसून घ्यायचा असतो. विसावा मात्र ओझं वाहणाऱ्यालाच लागतो. मैलभर भारा वाहून आलेल्या बाईनं झाडाखाली भारा टेकवला, पाठ मोकळी केली, तर तिला तुम्ही ऐदी म्हणणार का? ती भारा टाकून पळालेली नाही. तो परत डोक्यावर घ्यायचा आहे म्हणूनच ती टेकली आहे.

आता कुणी म्हणेल, विसाव्याचं गाणं तर संतांनीही दिलं. दिलं ना. चोखोबांनी दिलं. गावकुसाबाहेरच्या माणसाचा तो आवाज आजही ऐकताना आतून हलवतो, हे नाकारण्याइतका कोरडा मी नाही. पण पुढं काय झालं ते बघा. मंगळवेढ्याचं कुसू बांधता बांधता ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले, अशी परंपरा सांगते. वर्ष १३३८ सांगतात. पंढरपूरच्या देवळासमोर त्यांची समाधी झाली, आत नाही. देवळाचं दार आपल्याला उघडायला १९४७ उजाडावं लागलं आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. मधल्या सहाशे वर्षांत पायरीवर बसून किती लोक गायले असतील! त्यांना सांत्वन मिळालं, दार उघडलं नाही.

फरक इथं आहे. सांत्वन माणसाला पायरीवर बसवून ठेवतं. विसावा माणसाला पायरीवरून उठवतो. दोन्हींची चाल एक असेल, पेटीचे सूर एक असतील, गळासुद्धा एक असेल. प्रल्हाद शिंदे यांचा गळा घ्या. तोच गळा विठ्ठलाच्या गाण्यात आणि तोच भीमगीतात. आपल्यातले काही कडवे लोक त्याबद्दल नाक मुरडतात. गाण्यावर पोट असणाऱ्या कलावंताला तत्त्वाचे धडे देणं सोपं असतं, आधी त्याच्या चुलीकडं बघा. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. मला एवढंच म्हणायचं आहे की गाण्याचा कस गळ्यावरून लागत नाही, सुरावरूनही लागत नाही. गाणं संपल्यावर ऐकणारा कुठं जातो यावरून लागतो.

आपल्या लोकांचं गाण्याशी नातं गोड नव्हतं हेही ध्यानात घ्या. हलगी, डफडं, सनई ही वाद्यं आपल्या हातात होती, पण ती आपली नव्हती. गावाच्या लग्नात वाजवा, पोळ्याला वाजवा, देवीच्या पालखीपुढं वाजवा, मढ्यापुढं वाजवा. नाही वाजवलं तर बहिष्कार. वाजवणं ही कला नव्हती, ती गावकी होती. महाडच्या १९२७ नंतर मेलेली ढोरं ओढणं सुटलं, गावकीची कामं सुटू लागली, तशी गावोगाव ही वाजवण्याची सक्तीही माणसांनी नाकारली आणि त्यापायी मार खाल्ला. ज्या हाताला दुसऱ्याच्या सणासाठी वाजवायची सक्ती होती, त्या हातानं आपल्या मर्जीनं, आपल्या माणसांसाठी ढोलकीवर थाप मारली, ह्यात केवढी उलथापालथ आहे! 'नुसती गाणी' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

त्या काळचा एक प्रसंग नोंदलेला आहे. पठ्ठे बापूराव, मूळचे कुलकर्णी, तमाशातले मोठे शाहीर, बाबासाहेबांकडं सत्याग्रहासाठी मदत द्यायला गेले. बाबासाहेबांनी ती घेतली नाही. त्यांच्या फडात नाचणारी पवळा आपल्या समाजातली. आपल्या बाईला नाचवून जमलेला पैसा चळवळीला नको, हा त्यामागचा विचार. ह्यावरून कुणी असा अर्थ काढू नये की बाबासाहेबांना कला नको होती. कलेत कोण नाचतंय, कोण बघतंय आणि पैसे कुणाच्या खिशात जातात, हे प्रश्न त्यांनी विचारले. हे प्रश्न सौंदर्यशास्त्राचेच आहेत, फक्त आपल्या विद्यापीठांतल्या पुस्तकांत ते फारसे सापडत नाहीत.

ह्या प्रश्नांचं उत्तर आंबेडकरी जलशानं दिलं. सत्यशोधक जलशाची वाट आधी होतीच. भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या नाशिककडच्या साथीदारांनी तीच पुढं नेली. १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या हवेतले हे जलसे. कर्डकांचं 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक १९७८ साली आलं. ज्याला मिळेल त्यानं वाचावं. तमाशाचा सांगाडा त्यांनी उचलला पण आतला माल बदलला. देवाच्या गणाच्या जागी समतेचं आवाहन आलं, कृष्णाची गवळण गेली, नाचणारी बाई गेली. सोंगाड्या राहिला. आणि सोंगाड्या कुणाची टिंगल करायचा? सावकाराची, भटाची, आणि दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या आपल्याच माणसाचीही. मैलाचे मैल चालून माणसं यायची, गॅसबत्तीच्या उजेडात रात्रभर बसायची. बाबासाहेबांच्या सभांआधी हे जलसे व्हायचे. आपल्या दहा सभांचं काम एक जलसा करतो अशा अर्थाचं बाबासाहेब म्हणाल्याचं जुने लोक सांगतात.

आता बारकाईनं बघा. दिवसभर वेठ करून आलेली माणसं रात्रभर जागून जलशात बसायची तेव्हा त्यांना थकवा यायला हवा होता. तो उतरायचा. का? माझं उत्तर असं आहे की ती माणसं तिथं हसायची. ज्या सावकारापुढं दिवसा मान वर करायची सोय नव्हती त्याला रात्री सोंगाड्या धोतर सावरत पळायला लावायचा, आणि हजार माणसं एकदम हसायची. भीती एकट्यानं जात नाही, हजार जण मिळून हसले की जाते. हा विसावा झाला. आणि सकाळी ह्याच माणसांपैकी कुणीतरी येसकराची काठी खाली ठेवायचा.

वामनदादा कर्डक ह्याच वाटेवरचे. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्म, २००४ साली मृत्यू. मुंबईत गिरणीत राबले. मोठे झाले तरी अक्षरओळख नव्हती. एकानं पत्र वाचून दाखवायला सांगितलं, ते वाचता येईना, त्या शरमेतून ते लिहायला शिकले. १९४३ साली पहिलं गाणं रचलं, तेही हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन. त्यानंतर साठ वर्षं हा माणूस गावोगाव गात फिरला. घरचं सुख नव्हतं. संसार मोडला, लेकीचं मरण पाहिलं. जो दुसऱ्यांना विसावा देत फिरला त्याला स्वतःला टेकायला झाड कुठं होतं? मला वाटतं, गाणं हेच त्याचं झाड होतं.

पांढरपेशा समीक्षकांनी त्यांच्यावर दोन आरोप ठेवले. एक, चाली उसन्या. दोन, गाणी प्रचारी. पहिल्या आरोपाचं उत्तर सोपं आहे. ऐकणारा कामगार आहे. हॉटेलातल्या रेडिओवर त्यानं सिनेमाची चाल शंभरदा ऐकली आहे, ती त्याच्या अंगात आहे. नवी चाल शिकायला त्याच्याकडं फुरसत नाही. वामनदादांनी त्याच्या अंगातली चाल घेतली आणि तिच्यात त्याचाच इतिहास भरला. पहिल्या कडव्याला ऐकणारा श्रोता असतो, दुसऱ्या कडव्याला झील धरतो, तिसऱ्याला गाणं त्याचं झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी रस्ता झाडताना तो ते म्हणतो. छापखाना नव्हता, पैसा नव्हता, आकाशवाणी आपली नव्हती. अशा वेळी हजारो माणसांच्या डोक्यात मजकूर पोचवायची याहून स्वस्त युक्ती मला कुणी दाखवावी.

दुसऱ्या आरोपाला मात्र मी पूर्ण नाही म्हणणार नाही. आपण आपल्या माणसाची समीक्षा करायची नाही तर मग कुणी करायची? वामनदादांची गाणी हजारोंनी आहेत आणि सगळी सारखी नाहीत. काहींमध्ये बाबासाहेब इतके उंच जातात की हात पुरत नाहीत. ज्या माणसानं मूर्तिपूजा सोडायला सांगितलं त्याचीच आरती होते. त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी गीतकारांनी नेमका हाच दोष उचलला, कारण तो सोपा होता. पण ज्या गाण्यांत वामनदादा उपाशी माणसाचा हिशेब मागतात, आपल्याच पुढाऱ्यांना जाब विचारतात, एकट्या म्हातारीच्या झोपडीत शिरतात, ती गाणी आरती नाहीत. आरतीत हात जोडलेले असतात, ह्या गाण्यांत मुठी असतात, कधी नुसता दुसऱ्याच्या खांद्यावरचा हात असतो. तो खांद्यावरचा हात आपल्या समीक्षेनं मोजलाच नाही.

आणि सगळ्यात कमी मोजली ती बायांची गाणी. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सोबतच्या बायांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांच्या, रमाईच्या ओव्या आहेत. त्या ओव्यांमध्ये भीमराव कधी भाऊ होऊन येतो. माहेर नसलेल्या बाईला भाऊ मिळतो. दळण तेवढंच राहतं, जातं तेवढंच जड राहतं, पण ओढणारा हात एकटा राहत नाही. ह्याला तुम्ही अफू म्हणणार? म्हणायचं तर आधी एक पायली दळून दाखवा.

आता एक प्रश्न कडव्या मित्रांकडून येणारच. बाबासाहेबांनी कधी असा विसावा घेतला का? घेतला. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. घरात अभंग, दोहे, पदं रोजची. पुढं वय झाल्यावर बाबासाहेब व्हायोलिन शिकायला बसले. ज्याच्यामागं एवढी कामं होती तो माणूस उतारवयात गजानं तारा घासत बसला. का बसला असेल, ह्याचा विचार आपण कधी केला नाही. आपल्या तसबिरींत पुस्तक आहे, बोट आहे, कोट आहे, व्हायोलिन नाही.

आणि ती शेवटची रात्र. ५ डिसेंबर १९५६, दिल्ली, २६ अलिपूर रोड. नानकचंद रत्तू तिथं होते, धनंजय कीरांच्या चरित्रातही हे आलं आहे. शरीर पार थकलेलं. बाबासाहेबांनी डोळे मिटून त्रिसरण गुणगुणायला सुरुवात केली. रत्तूंना रेडिओग्रामवर बुद्धगीतांची तबकडी लावायला सांगितली. जेवण झालं तसं कबीराचं एक पद गुणगुणत ते आतल्या खोलीत गेले. आणि मग काय केलं? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रस्तावना, आचार्य अत्र्यांना आणि एस. एम. जोशींना लिहिलेली पत्रं, असे टंकलिखित कागद उशाशी ठेवायला सांगितले. रात्री नजर घालायची होती. सकाळी ते नव्हते.

हा क्रम मला फार मोठा वाटतो. आधी गाणं, मग काम. गाण्यानं काम विसरायला लावलं नाही, कामापर्यंत पोचवलं. आता त्या टेम्पोतल्या माझ्या मित्राला मी एवढंच विचारीन, की भावा, बाबासाहेबांनाही लाजा धर म्हणशील का?

धम्माचा दाखला हवा असेल तर तोही आहे. कुणी म्हणतं, बौद्धांना गाणं वर्ज्य. अष्टशीलातलं सातवं शील दाखवतात, नाच, गाणं, वाजवणं यापासून दूर राहण्याचं. पण उपासकांसाठी ते उपोसथाच्या दिवसाचं शील आहे. आपण रोज पाळतो ते पंचशील, त्यात गाणं वर्ज्य नाही. उलट दीघनिकायात सक्कपञ्ह सुत्त आहे. त्यात पंचशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन बुद्धासमोर गातो, आणि गातो काय, तर आपल्या प्रेयसीवरचं गाणं! बुद्ध त्याला हाकलत नाहीत. तुझ्या तारांचा सूर गाण्याशी जुळतो आणि गाणं तारांशी, असं म्हणून ते त्याची तारीफ करतात. गंधर्वावर आपला विश्वास नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आपण. पण ही कथा ज्या भिक्खूंनी जपली त्यांना बुद्धाच्या तोंडी गाण्याची तारीफ घालताना संकोच वाटला नाही, हे तर खरं.

आणि दुसरी गोष्ट सोणाची. सोण श्रीमंताघरचा पोरगा, भिक्खू झाला. चंक्रमण करून करून पाय फुटले, रक्त आलं, तरी मन स्थिर होईना. घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. म्हणजे आजच्या भाषेत कार्यकर्ता थकला. बुद्ध त्याच्याकडं आले. त्याला आळशी म्हणाले नाहीत की गद्दार म्हणाले नाहीत. विचारलं, तू घरी असताना वीणा वाजवायचास ना? तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर? मग कष्टाचंही तसंच आहे. मला ह्यात नवल याचं वाटतं की थकलेल्या माणसाला परत उभं करायला बुद्धांनी त्याच्याच हातातलं वाद्य घेतलं.

आपण आपल्या पोरांच्या तारा ताणतो. रोज अत्याचाराची बातमी, रोज निवेदन, रोज मोर्चा, मोबाईलवर रोज फुटलेल्या डोक्यांचे फोटो. तार तुटली की म्हणतो, पोरगा कच्चा होता. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं. घरं जळली, पोचिराम कांबळे गेले, गौतम वाघमारेंनी स्वतःला संपवलं. एवढी वर्षं माणसं नुसत्या रागावर टिकली असतील असं ज्याला वाटतं त्यानं कधी सलग एक महिना राग करून बघावा. ती सभांवर टिकली आणि सभेआधीच्या गाण्यांवरही टिकली. दलित पँथरनं १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षानं १९७० साली आपल्याच कार्यकर्त्यांचा वाद्यवृंद काढला होता, 'द लुम्पेन' नावाचा. हाती बंदुका घेतलेल्या लोकांनाही गाणं लागलं.

इथपर्यंत मी गाण्याची वकिली केली. आता त्याची मर्यादा सांगतो, नाहीतर हा लेख खोटा होईल.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवन संपवलं. डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती. आनंद पटवर्धनांच्या 'बॉम्बे, अवर सिटी' (१९८५) मध्ये झोपडपट्टीवाल्यांचं दुःख ह्याच माणसानं गायलं होतं. पुढं २०११ साली पुरा झालेला 'जय भीम कॉम्रेड' हा पटवर्धनांचा चित्रपट ह्याच मरणापासून सुरू होतो.

इथं माझा सगळा सिद्धान्त अडतो. ज्याच्या गळ्यात गाणं होतं त्याला गाणं का तारू शकलं नाही? ह्याचं पूर्ण उत्तर मला देता येणार नाही, कुणाच्या मरणाचं कारण लेखात मांडून मोकळं होणं बरंही नव्हे. पण एक गोष्ट दिसते. गाणं विसावा देतं ते ऐकणाऱ्याला, आणि झील धरणारे असतील तरच गाणाऱ्याला. एकट्या गाणाऱ्याला गाणं टेकू देत नाही, उलट ज्यानं जास्त जाणलं त्याला जास्त पोळतं. मोर्चात आपण शाहिराला सगळ्यात पुढं उभं करतो. मोर्चा संपल्यावर तो कुठं जातो, काय खातो, भाडं भरलं का, रात्री झोपतो का, हे आपण विचारतो? कलापथकं आपण वापरली. कधी ह्या पक्षानं, कधी त्या संघटनेनं. वामनदादांना हार घातले, घोगरेंवर लेख लिहिले. जिवंतपणी दार किती जणांनी ठोठावलं?

म्हणून विसावा ही एकट्याची गोष्ट नाही, असं माझं म्हणणं आहे. प्रस्थापितांच्या सौंदर्यशास्त्रात रसिक एकटा तन्मय होतो. आपल्याकडं एकटा तन्मय होणारा बुडतो. जलशात हजार माणसं होती, जात्यावर समोर दुसरी बाई होती, गायन पार्टीत झील होती. जिथं झील तुटली तिथं गाणं धोक्याचं.

आणि ह्याच मापानं आजच्या जयंतीचा डीजे मोजा. मी म्हाताऱ्यासारखा कुरकुरत नाही. पोरांना नाचू द्या, वर्षभर मान खाली घालून काम करणाऱ्याला एक दिवस रस्ता अडवून नाचावंसं वाटलं तर त्यात त्याचं सुख आहे. पण त्या भिंतीएवढ्या पेट्यांपुढं कुणाला झील धरता येते का? शेजारच्याचा आवाज ऐकू येतो का? गाण्याचे शब्द कळतात का? तिथं प्रत्येक जण गर्दीत एकटा असतो. लाखभर रुपये डीजेला जातात आणि त्याच वस्तीतला ढोलकी वाजवणारा घरी बसलेला असतो. गोंगाटानं थकवा दबतो, पण उतरत नाही.

तेव्हा आपल्या समीक्षेला मी तीन साधे प्रश्न सुचवतो. गाणं ऐकून माणूस आपल्या ओझ्याकडं परत जातो का, की ओझं विसरतो? गाण्यात दुसऱ्याला झील धरायला जागा आहे का? आणि गाणाऱ्याच्या घरी चूल पेटते का? पहिल्या प्रश्नावर पायरीवरचं सांत्वन नापास होतं, दुसऱ्यावर डीजे नापास होतो. आणि तिसऱ्या प्रश्नावर, मित्रांनो, आपण सगळे नापास होतो.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही आता एक केलं आहे. शेवटचा अर्धा तास गाण्याचा. भाषण लांबलं तरी तो कापायचा नाही. एक खंजिरी आहे, एक फाटकी ढोलकी आहे, पेटीसाठी वर्गणी चालू आहे. जो गातो त्याचं गाडीभाडं आधी द्यायचं, भाषण करणाऱ्याचं मागून. आणि कुठल्या गावाहून जबान्या घेऊन परत आलो तर त्या रात्री कुणी एकट्यानं घरी जायचं नाही.

त्या मित्राला निरोप धाडला आहे. म्हटलं, भाषण ऐकायला येऊ नकोस, शेवटच्या अर्ध्या तासाला ये. झील धरायला माणूस कमी पडतो. तो अजून आलेला नाही. त्याच्या आईनं सांगितलं, निरोप ऐकला अन् उठून बसला. जागा धरून ठेवली आहे.

जयभीम.